माईकवरची दुसरी बाई

१

नवा हेडसेट हातात आला की कात्री आधी तो पिळायची. दोन्ही कप धरून वरची पट्टी ताणायची, उलटसुलट वाकवायची आणि प्लास्टिक कुरकुरतंय का ते ऐकायची. बहुतेक हेडसेट कुरकुरायचे. मग ती खूश व्हायची, कारण परीक्षणाचं पहिलं वाक्य तिथेच मिळायचं.

कात्री हे ऑफिसातल्यांनी ठेवलेलं नाव. कंपन्या कौतुकाच्या आशेनं वस्तू पाठवायच्या आणि ही त्यांच्या चिंध्या करायची, म्हणून कात्री. तिला ते नाव आवडायचं. घरातली धाकटी खोली तिची कामाची जागा होती. टेबल, दोन स्क्रीन, भिंतीवर खुंट्यांना लटकवलेले जुने हेडसेट आणि आवाज घुमू नये म्हणून लावलेले जाड पडदे. त्या खोलीत तिच्या परवानगीशिवाय केरसुणीसुद्धा शिरत नसे.

त्या दिवशी तिचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. मागच्या आठवड्यात तिनं एका कीबोर्डबद्दल लिहिलं होतं की याच्या बटणांना दाबल्यावर वर यायचा कंटाळा आहे. संपादकांनी ते वाक्य न विचारता उडवलं आणि तिथे 'एकंदरीत समाधानकारक' असं टाकलं. एकंदरीत समाधानकारक! असले शब्द तिच्या तोंडून कधी चुकूनही निघाले नव्हते, आणि आता ते तिच्या नावाखाली छापून आले होते. त्यात चहा पिताना नवऱ्यानं पुन्हा आपल्या धाकट्या भावाचा विषय काढला. भावाची बदली या शहरात झाली होती आणि त्याला राहायला खोली हवी होती.

"ही माझी कामाची खोली आहे," ती म्हणाली. "एकदा नाही म्हटलं ना?"

"आपण नंतर शांतपणे बोलू," नवरा म्हणाला.

या 'शांतपणे'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात शांतपणे बोलायचं म्हणजे तिनं गप्प बसायचं आणि त्यानं बोलायचं. नवरा तसा वाईट माणूस नव्हता. दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत तो दिवसभर मान खाली घालून काम करायचा, आणि घरी आल्यावर त्याला फक्त कुणी ओरडू नये असं वाटायचं. पण ओरडायची वेळ आपणच आणतो, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नसे.

तो गेला आणि कात्रीनं खोलीचं दार लावून घेतलं. आजचा हेडसेट ना स्वस्त होता ना महाग. लोक असलाच एखादा चार ठिकाणी विचारून घेतात आणि मग वर्षभर पस्तावतात. तो कुरकुरला नाही. कानावरच्या गाद्या मऊ होत्या, फोम बोटानं दाबला की हळूहळू वर येत होता. चष्म्याच्या काड्यांवर मात्र त्याची पकड घट्ट होती. थोड्या वेळानं कानामागे ठणकणार, हे तिनं मनात टिपून ठेवलं.

आवाज तपासायला ती नेहमी स्वतःच्या घरात केलेलं एक रेकॉर्डिंग वापरायची. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडतो, खुर्ची सरकते, कुणीतरी डावीकडून उजवीकडे चालत जातं, कागद फाटतो. बस, एवढंच. ते तिला इतकं पाठ होतं की कुठल्या हेडसेटवर काय कमी पडतं ते लगेच कळायचं. इथे किल्ल्या छान खणखणल्या, खुर्चीचा आवाज जरा फुगला, पावलं बरोबर दिशेनं गेली.

आणि कागद फाटायच्या आधी कुणीतरी श्वास घेतला.

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा लहानसा श्वास. पुढे शब्द नव्हते. तिनं खुंटीवरचा जुना, महागडा हेडसेट काढून तेच रेकॉर्डिंग लावलं. किल्ल्या, खुर्ची, पावलं, कागद. श्वास नव्हता.

'बारीकसारीक आवाजही उलगडून दाखवतो,' असं लिहावं का, हा विचार क्षणभर तिच्या मनात आला. मग तिला स्वतःचाच राग आला. रेकॉर्डिंग तिनं स्वतः केलं होतं, आणि तेव्हा घरात दुसरं कुणीही नव्हतं.

२

दुपारी ती खेळायला बसली. ओसाड कारखान्यात चार जणांच्या टोळीनं दुसऱ्या टोळीला हुडकून मारायचं, असा तो खेळ. तिच्या टोळीत घुबड होता. तो इस्पितळात रात्रपाळीला परिचारक होता आणि दुपारी झोपायचं सोडून खेळत बसायचा. दोघं कधी प्रत्यक्ष भेटले नव्हते, पण माईकवरून एकमेकांना शिव्या देण्याइतकी मैत्री होती. आणखी दोघे नवखे होते. त्यातल्या एकानं कात्रीचा आवाज ऐकताच सुस्कारा टाकला.

"बाई आहे का? मग हरलोच आपण."

कात्रीनं त्याला फैलावर घेतलं. त्याची नेमबाजी, त्याची अक्कल, त्याला खेळायला बसवणारे त्याचे आईबाप, कुणालाही तिनं सोडलं नाही. दम लागला तेव्हाच ती थांबली. माईकवर जराशी शांतता झाली.

"ठीक आहे," नवखा मऊ आवाजात म्हणाला. "तुम्ही म्हणताय म्हणून. सॉरी."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही नाही हो. त्या दुसऱ्या."

"कोण दुसऱ्या?"

"अगं, तुझ्याजवळ बसलीय ती," मध्येच घुबड म्हणाला. "आत्ता म्हणाली ना, 'तिचं मनावर घेऊ नका, तिला सवय आहे अशी.' कोण आहे, बहीण का? गोड बोलते हं. तुझी बहीण वाटत नाही."

कात्रीनं मागे वळून पाहिलं. पडदे, खुंट्या, बंद दार.

"तुम्ही दोघांनी मिळून माझी फिरकी घ्यायची ठरवलीय का?"

"आई शप्पथ नाही," घुबड म्हणाला. मग त्याच दमात, पण दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून, "नाही नाही, मी कशाला रागावतोय?"

तिनं खेळ तसाच बंद केला. बायका माईकवर आल्या की पुरुषांना असले चाळे सुचतात, हे तिला नवीन नव्हतं. तरी तिनं कामात कसूर केली नाही. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'आवाज सुधारा' अशी एक सोय होती, ती बंद केली. बिनतारी जोडणी काढून सरळ वायर लावली. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात ऐकू यावा म्हणून जी सोय असते, तीही बंद केली. मग माईकवर चार वाक्यं बोलून रेकॉर्ड केली आणि ऐकली.

तिचाच आवाज. खरखरीत, घाईचा, जसा होता तसा. पण ती जिथे जिथे थांबली होती, तिथे तिथे तो लहानसा श्वास होता. प्रत्येक वेळी कुणीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. बोलणं मात्र तिला ऐकू येत नव्हतं.

माईकच सदोष आहे, ती स्वतःशी म्हणाली, आणि तसं लिहून टाकलं.

३

परीक्षण तिनं संपादकांकडे पाठवून दिलं. पकड अशी की चष्मेवाल्यांनी वाटेला जाऊ नये. खालचे आवाज पोट फुगल्यासारखे. माईकवर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. 'दिवसभर घातला तरी जाणवत नाही. आवाज उबदार. माईक तर जणू आपलं बोलणं अधिक चांगलं करून पोचवतो.'

ती तडक ऑफिसात गेली. संपादक खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. ते वयानं मोठे, सगळ्यांशी बापाच्या मायेनं वागणारे आणि जाहिरातदार दुखावला की रात्रभर तळमळणारे.

"सर, हे काय आहे?"

"ये, ये. बस. फार सुरेख झालंय."

"मी हे लिहिलेलं नाही!"

संपादकांनी झारी खाली ठेवली. "अगं, असं काय करतेस? काल दुपारी तूच नाही का फोन केलास? एकेक वाक्य तू सांगत गेलीस आणि मी उतरवून घेत गेलो."

"मी तुम्हाला फोन केलेला नाही."

त्यांनी आपला मोबाईल तिच्यापुढे धरला. तिचाच नंबर होता, आणि बोलणंही चांगलं लांबलेलं दिसत होतं. काल दुपारी ती इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेली होती. मोबाईल टेबलावर होता, हेडसेटला जोडलेला.

"काय म्हणाले मी?" तिनं विचारलं.

"आता ते पुन्हा कशाला..." संपादक ओशाळले. "म्हणालीस, मला राग लवकर येतो, रागात हातून वेडंवाकडं लिहिलं जातं, तुम्ही इतकी वर्षं सांभाळून घेतलंत. खरं सांगू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, काहीतरी छान घडलंय या मुलीच्या आयुष्यात."

कात्रीनं टेबलावर हात आपटला. पेनं उडाली, बाहेर बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. संपादक मात्र दचकले नाहीत. ते तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

"कालच्यासारखं बोल ना गं," ते म्हणाले. "तुला जमतं ते."

खाली रस्त्यावर आल्यावर तिनं सगळ्याची संगती लावली. हेडसेटचं बटण आपोआप दाबलं गेलं असणार आणि फोन लागला असणार. बाकी सगळं संपादकांनी रचलं. म्हातारा खोटं बोलत होता. या निष्कर्षावर तिला मनसोक्त चिडता येत होतं, म्हणून घरी पोचेपर्यंत ती तोच चघळत राहिली.

४

खोलीचं दार तिनं जाताना लावलं होतं. आता ते लोटलेलं होतं.

हेडसेट टेबलावर होता, शेजारी घाईत घरीच राहिलेला तिचा मोबाईल. हेडसेट उचलून डब्यात भरायचा आणि कंपनीच्या तोंडावर परत फेकायचा, असं ठरवूनच ती आली होती. तिनं तो उचलला आणि तिचा हात थांबला.

कानावरच्या गाद्या कोमट होत्या.

ऊन लागलं असेल, असं म्हणून तिनं खिडकीकडे पाहिलं. जाड पडदे ओढलेले होते आणि खोली थंडगार होती. चार्जिंगनं तापला असेल, तर वायर लावलेलीच नव्हती. आणि तिच्या डोळ्यांदेखत डाव्या गादीतला खळगा वर येत होता. दाबलेला फोम येतो तसा हळूहळू, सुस्तपणे. चष्म्याच्या काडीची खाचसुद्धा त्यात दिसत होती. ती भरली, पुसट झाली आणि गादी सपाट झाली.

तिनं पट्टीची मापं पाहिली. दोन्ही बाजूंना तिच्याच डोक्याची. बिजागरीत एक केस अडकला होता. तो तिनं ओढून उजेडात धरला. तिच्याच लांबीचा, तिच्याच रंगाचा. परका असता तर तिला कुणाची तरी मानगूट धरता आली असती. चोर आला, नवऱ्यानं कुणाला तरी आणलं, काहीतरी. पण इथे प्रत्येक गोष्ट तिचीच निघत होती.

"कोण आहे?" तिनं विचारलं. आवाज चढला होता. "समोर ये. जे बोलायचंय ते माझ्यासमोर बोल."

खोली गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला ओळखीचं वाटलं. आपण आधी शांत व्हावं म्हणून समोरचा माणूस जसा थांबून राहतो, तसं.

संध्याकाळी नवरा आला तो हसतमुख. चपला काढता काढता त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं कित्येक महिन्यांत ठेवला नव्हता.

"थँक्यू," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणे!" तो हसला आणि गुणगुणत हातपाय धुवायला गेला. कात्री तशीच उभी राहिली. तिला विचारायचं होतं. पण त्या हाताची ऊब खांद्यावर अजून होती आणि ती तिला घालवायची नव्हती. त्या संध्याकाळी तिनं त्याला पुन्हा काही विचारलं नाही. याचा राग तिला पुढे सगळ्यात जास्त आला.

५

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर सामानासकट दारात उभा. दोन बॅगा, गुंडाळलेली गादी आणि तिच्यासाठी फुलांचा गुच्छ.

"वहिनी, तुझे उपकार कसे फेडू?"

कात्रीनं गुच्छाकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं त्या दिवशी रजा काढली होती.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? तूच तर फोन केलास," नवरा म्हणाला. "काल, लॅबमध्ये. माझे हात प्लास्टरनं भरलेले होते म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. सगळ्यांनी ऐकलं. तू म्हणालीस, खोली मी रिकामी करते, त्याला येऊ दे, घरातल्या माणसानं बाहेर भाड्यानं राहणं बरं दिसत नाही."

"मलाही फोन केलास की," धाकटा म्हणाला. "किती वेळ बोललो आपण! आईच्या आठवणी काढल्यास."

"मी तुझ्या आईला दोनदा भेटलेय फक्त! मला तिच्या कसल्या आठवणी असणार?"

धाकट्याचा चेहरा पडला. गुच्छ कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

मग कात्रीचा तोल गेला. तिनं सगळं सांगितलं. माईक, घुबड, संपादक, कोमट गाद्या. पण रागात सांगितल्यामुळे ते तिच्याच कानांना वेड्यासारखं वाटलं. ती जितकी जोरात सांगत होती तितका नवरा आक्रसत होता. शेवटी तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"एक दिवस," तो म्हणाला. "एकच दिवस मला वाटलं की माझी बायको मला परत मिळाली."

"ती मी नव्हते!"

"हो," तो म्हणाला. "दिसतंय."

या शेवटच्या शब्दानं ती जितकी दुखावली तितकी इतक्या वर्षांच्या भांडणांत कधी दुखावली नव्हती. ती आत गेली, हेडसेट उचलला, हत्यारांच्या खोक्यातला हातोडा घेतला आणि जिना उतरली.

६

इमारतीच्या मागे कचऱ्याचे डबे होते तिथे, भर उन्हात, सिमेंटवर ठेवून तिनं तो फोडला. पहिल्या घावाला पट्टी मोडली. मग कप. मग माईकची दांडी. फोम फाडून त्याच्या चिंध्या केल्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण कपडे वाळत घालायचं थांबून बघत राहिली.

आत काहीच नव्हतं. दोन चुंबक, पापुद्र्यासारखे पडदे, केसाएवढ्या तारा, सर्किटच्या हिरव्या पाटीचा तुकडा. तिनं प्रत्येक तुकडा पायानं उलटून पाहिला. आपण काय शोधतोय तेच कळेना, तेव्हा तिला हसू फुटलं. किती दिवसांनी ती मोकळी हसली. शेजारणीलाही तिनं हात केला.

वर येऊन जुना हेडसेट घातला आणि घुबडाला गाठलं.

"नीट ऐक आणि खरं सांग. आता माझ्याजवळ कुणी ऐकू येतंय?"

घुबडानं मन लावून ऐकलं. "नाही. तू एकटीच."

"नक्की?"

"नक्की." तो जरा घुटमळला. "कुठे गेली ती?"

"कोण?"

"अगं, चिडू नको. सहज विचारलं. तू नसताना दोनतीनदा बोललो आम्ही. मला झोप लागत नव्हती म्हणून सांगत होतो, तर तिनं किती आपुलकीनं ऐकून घेतलं. तिला माझा नमस्कार सांग."

कात्रीनं हेडसेट काढून टेबलावर ठेवला. घुबड माईकवरून तिला हाका मारत राहिला. ती उठली आणि खोलीतून बाहेर पडली.

७

त्यानंतरचे दिवस घरात मुक्यानं गेले. धाकटा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागला. आतल्या खोलीत पाय ठेवायचा नाही, असं कात्रीनं बजावलं होतं आणि तो बिचारा त्या दाराकडे बघतसुद्धा नव्हता. संपादकांनी फोन केला तो तिनं उचलला नाही. नवरा जेवायला बसायचा, ताट धुवायचा, झोपायचा. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

अशी शांतता कात्रीला मानवत नसे. भांडण झालं की तिला भूक लागायची. हे न भांडणं तिच्या अंगात साठत चाललं. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, तिनं दोघांना समोर बसवलं.

"आता मी बोलते आणि तुम्ही ऐका," ती म्हणाली.

आणि ती बोलली. ओरडली नाही असं नाही, पण या वेळी शब्द जागच्या जागी पडत होते. ही खोली तिला का हवी, ते तिनं सांगितलं. त्या खोलीत ती जे लिहिते ते कुणी बदललं की तिला आपली जीभ कापल्यासारखं का वाटतं, ते सांगितलं. नवऱ्याला म्हणाली, तुला शांत बायको हवी होती तर तू आधी तसं सांगायचंस. मी पहिल्या दिवसापासून अशीच आहे, तू डोळे उघडे ठेवून माझ्याशी लग्न केलंस. धाकट्याला म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाही, पण माझ्या तोंडचा होकार मी दिलेला नाही आणि तो दुसरं कुणीही देऊ शकत नाही.

ती थांबली. तिला हलकं वाटत होतं. नवरा जमिनीकडे बघत होता. आता हा मान वर करेल आणि काहीतरी बोलेल. भांडला तरी चालेल, पण माझ्याशी बोलेल, असं तिला वाटलं.

त्यानं मान वर केली. पण तिच्याकडे नाही. तो तिच्या मागे, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

धाकटाही तिकडेच बघत होता. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. कुणीतरी हळू आवाजात बोलत असलं की माणूस जसा पुढे झुकून, श्वास रोखून ऐकतो, तसे दोघे ऐकत होते. कात्रीला काहीच ऐकू येत नव्हतं. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"नाही गं," नवरा दाराकडे बघत म्हणाला. "तू कशाला माफी मागतेस?"

"वहिनी, राहू दे," धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुणाशी बोलताय?" कात्री किंचाळली. "मी इथे आहे! इकडे बघा!"

८

ती वळली. दार तिनं स्वतः ओढून घेतलं होतं. आता ते वीतभर उघडं होतं. आत पडद्यांचा काळोख होता. आणि दाराच्या कडेवर, मुठीच्या थोडं वर, चार बोटं होती.

हात तिचाच होता. मधल्या बोटाचा किंचित वाकडा सांधा, मनगटावरची निळी शीर, सगळं तिचं. फक्त नखं वेगळी होती. कात्रीची नखं रागारागानं कुरतडून पार मांसात गेलेली असत. ही वाढवलेली होती, नीट गोल केलेली, स्वच्छ. त्या हातानं कधी काही आपटलं नव्हतं.

कात्रीनं झेप घेऊन दाराची मूठ धरली आणि ते स्वतःकडे ओढलं. बोटं सावकाश आत गेली, चेंगरायच्या जरा आधी, जणू तिलाच इजा होऊ नये म्हणून. दार बसलं. दोन्ही हात मुठीवर आवळून, पाय चौकटीला लावून ती उभी राहिली. आतून ओढ लागेल म्हणून तिनं दातांवर दात रोवले.

ओढ लागलीच नाही.

आतून टकटक झाली. अगदी हलकी. आधी थोडी वाट पाहिली गेली, मग पुन्हा तशीच टकटक. घाई नव्हती. दाराबाहेरचं माणूस कधीतरी समजून घेईल, अशी खात्री असलेली टकटक.

"अगं, काय करतेस हे?" नवरा उठून जवळ आला. "उघड तिला."

"कुणाला? कोण आहे आत? सांग ना, कोण आहे?"

"कोण म्हणजे?" तो गोंधळून म्हणाला. "माझी बायको."

"आणि मी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. खरंच आठवायचा प्रयत्न करत, कपाळाला आठ्या घालून पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. चुकून भलत्याच मजल्यावर आलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो, दुखवू नये अशा बेतानं, तसं तो तिच्याकडे बघत होता.

मग त्यानं तिच्या हातांवर आपले हात ठेवले. कवळ्यांचे दात एकेक करून बसवणारी ती नाजूक, सवयीची बोटं. तिचं एकेक बोट तो मुठीवरून सोडवू लागला. कात्री ओरडत होती. तिचं नाव, त्याचं नाव, लग्नाच्या दिवसाची आठवण, सुचेल ते ओरडत होती. घशातून आवाज फुटत होता आणि खोलीत कुणाच्याही चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. धाकटा मागे उभा राहून केस नीट करत होता.

"आलो हं," नवरा दाराला म्हणाला. इतक्या मायेनं तो कात्रीशी कधी बोलला होता, ते तिला आठवेना. "एक मिनिट थांब."

त्यानं तिचं शेवटचं बोट सोडवलं.